शनिवार वगळून हिशेब मांडा

अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या गावांमध्ये अंदाजपत्रकाचे दिवस आले की एक वाद ठरलेला असतो. हॉटेलात उतरणाऱ्या पाहुण्यांच्या बिलातून जो कर जमा होतो, त्यातला वाटा ‘व्हिजिटर्स ब्युरो’ला का द्यायचा? ब्युरो म्हणजे गावाची जाहिरात करणारी, स्पर्धा, परिषदा, महोत्सव गावात आणणारी आणि आलेल्यांची सोय पाहणारी संस्था. विरोधक विचारतात, विद्यापीठाच्या संघाचा अमेरिकी फुटबॉलचा सामना असलेल्या शनिवारी गावात पाय ठेवायला जागा नसते, मग जाहिरात कुणासाठी? समर्थक त्याच शनिवारच्या गर्दीकडे बोट दाखवून सांगतात, बघा किती लोक येतात, किती पैसा इथे खर्च करून जातात! दोघांचीही साक्ष एकाच दिवसाची, आणि त्या दिवसाशी ब्युरोच्या कामाचा संबंध अगदी थोडा. म्हणूनच हा वाद वर्षानुवर्षं जागचा हलत नाही. माझं मत असं आहे की ब्युरो हवं, त्याला सार्वजनिक पैसाही हवा. पण त्याचं काम सामन्यांचे शनिवार बाजूला ठेवून मोजलं गेलं पाहिजे. तसं मोजलं तर ब्युरोने काय करायला हवं आणि काय थांबवायला हवं, हेही आपोआप स्पष्ट होईल.

उदाहरण आयोवा राज्यातल्या आयोवा सिटी या विद्यापीठाच्या गावाचं घेऊ, कारण हा प्रश्न तिथे जितका ठळक दिसतो तितका क्वचितच दिसेल. २०२०च्या जनगणनेनुसार या गावाची लोकसंख्या ७४,८२८. विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिथे खेळतो त्या किनिक स्टेडियमची आसनक्षमता ६९,२५०. म्हणजे सामन्याच्या दिवशी जवळजवळ आणखी एक गाव येऊन बसतं. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात सहा-सात शनिवारी संघाच्या रंगांचे काळे-पिवळे कपडे घातलेली माणसं सकाळपासून गाड्यांच्या डिक्या उघडून, शेगड्या पेटवून स्टेडियमच्या आसपास मुक्काम ठोकतात. हॉटेलांचे दर चढतात, एका रात्रीसाठी खोली मिळणं अवघड होतं. कॅटलिन क्लार्क ही बास्केटबॉलपटू इथल्या विद्यापीठाच्या महिला संघातून खेळत होती तेव्हा बास्केटबॉललाही हेच भाग्य लाभलं. १५ ऑक्टोबर २०२३ रोजी महिला संघाचा सामना या फुटबॉलच्या मैदानावरच उघड्यावर भरवला, तर ५५,६४६ प्रेक्षक आले. ही माणसं कुठल्याही माहितीपत्रकामुळे आली नव्हती. संघावरचं पिढीजात प्रेम आणि एका मुलीचा अचाट खेळ त्यांना घेऊन आला.

तेव्हा विरोधकांचं पहिलं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे: जे येणारच होते, त्यांच्या येण्याचं श्रेय ब्युरोला देता येत नाही. आयत्या पिठावर रेघोट्या ओढून अहवाल सजवता येतो, काम सिद्ध होत नाही. दुसरं म्हणणं याहून वजनदार आहे. खेळाच्या अर्थशास्त्राचा अभ्यास करणारे अनेक वर्षं सांगत आले आहेत की अशा कार्यक्रमांच्या ‘आर्थिक परिणामा’चे आकडे फुगवलेले असतात. जवळच्याच सीडर रॅपिड्स शहरातल्या कुटुंबाने शनिवारी आयोवा सिटीत जेवणावर जे खर्च केले, ते एरवी त्याने आपल्याच गावातल्या हॉटेलात केले असते; राज्याच्या तिजोरीच्या दृष्टीने या खिशातले त्या खिशात गेले. शिवाय गर्दीला भिऊन जे पाहुणे आलेच नाहीत, त्यांचा हिशेब कोण ठेवतो? तिसरं, सार्वजनिक पैसा जाहिरातीकडे वळला की तो कसा उधळला जातो याचा दाखला फ्लोरिडाने दिला आहे. तिथल्या राज्य पर्यटन संस्थेने पिटबुल या गायकाशी दहा लाख डॉलरचा करार केला आणि त्याचे तपशील लोकांपासून लपवून ठेवले. २०१६च्या अखेरीस ते बाहेर आले तेव्हा गदारोळ झाला, प्रमुखाला पद सोडावं लागलं, आणि संस्थाच बंद करण्याची मागणी विधिमंडळात झाली. ती मागणी करणाऱ्यांचा राग मला रास्त वाटतो.

पण या तिन्ही मुद्द्यांवरून ‘ब्युरो नकोच’ हा निष्कर्ष निघतो का? ‘लोक आपोआप येतातच की’ हे वाक्य या व्यवसायाइतकंच जुनं आहे. १८९६ साली डेट्रॉइटमध्ये मिल्टन कारमायकेल या पत्रकाराने स्थानिक वर्तमानपत्रात लिहिलं की आपल्या शहरात दूरदूरचे प्रतिनिधी सभा-संमेलनांसाठी येतात, आणि हे सगळं गावकऱ्यांनी काडीची खटपट न करता, आलेल्यांची पुढे विचारपूसही न करता घडतं आहे. ‘आपोआप येतात, तर हात गुंडाळून बसू’ असा अर्थ त्याने त्यातून काढला नाही. आपोआप इतके येतात, तर ठरवून प्रयत्न केल्यावर किती येतील, असा त्याचा प्रश्न होता. त्याच वर्षी तिथल्या व्यापाऱ्यांनी आणि हॉटेलवाल्यांनी एकत्र येऊन अमेरिकेतलं पहिलं कन्व्हेन्शन ब्युरो उभं केलं. मोटारगाड्यांचं शहर म्हणून डेट्रॉइटला ओळख मिळाली ती नंतर.

त्या लोकांना एकत्र का यावं लागलं, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळ्या वादाची किल्ली तिथे आहे. समजा कुस्तीच्या राष्ट्रीय संघटनेला मोठी स्पर्धा भरवायची आहे आणि तिने गावांकडून प्रस्ताव मागवले. प्रस्तावात काय लागतं? इतक्या रात्रींसाठी इतक्या खोल्या अमुक दराने राखून ठेवू ही लेखी हमी, आखाडा, सरावाच्या जागा, विमानतळापासून ने-आणीची सोय, शेकडो स्वयंसेवक, आणि तोट्यात गेलं तर भार कोण उचलणार याचं उत्तर. हे एकटं हॉटेल करू शकत नाही. आणि करू शकलं तरी करणार नाही, कारण खर्च त्याचा आणि फायदा रस्त्यापलीकडच्या हॉटेलाचा, कोपऱ्यावरच्या पिझ्झावाल्याचा, पेट्रोलपंपाचा. प्रत्येकजण दुसऱ्याने पुढे व्हावं म्हणून थांबतो आणि काम कुणीच करत नाही. असं काम सगळ्यांच्या पैशातून, सगळ्यांच्या वतीनेच करावं लागतं. पाहुण्यांकडून घेतलेला कर त्यासाठी वापरणं ही चैन नाही. आयोवाच्या कायद्यात गावाला हॉटेलांवर सात टक्क्यांपर्यंत कर लावता येतो, तोही मतदारांची संमती घेऊन, आणि त्यातला किमान निम्मा भाग करमणूक, संस्कृती, पर्यटन अशा कामांसाठीच राखून ठेवावा लागतो. कायदा करणाऱ्यांना हा पेच कळला होता.

कुस्तीचं उदाहरण मी उगाच घेतलेलं नाही. कोल्हापूरकरांना आयोवाचं कुस्तीवेड सांगायला जास्त शब्द लागू नयेत: डॅन गेबल यांच्या मार्गदर्शनाखाली १९७६ ते १९९७ या काळात इथल्या विद्यापीठाने पंधरा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. पण वेड असलं म्हणजे स्पर्धा चालत येते असं नाही. २०१२ आणि २०१६ या दोन्ही ऑलिंपिकसाठी अमेरिकेचा कुस्ती संघ निवडणाऱ्या चाचण्या आयोवा सिटीच्या कार्व्हर-हॉकाय अरीनात झाल्या. विद्यापीठ आणि ब्युरो यांनी मिळून त्या मिळवल्या होत्या. २०१८ मध्ये फ्रीस्टाइल कुस्तीचा विश्वचषकही इथेच झाला. तिन्ही वेळा महिना एप्रिलचा होता. एप्रिलमध्ये फुटबॉलचा हंगाम नसतो, पदवीदान समारंभ अजून दूर असतो, आणि आयोवाची थंडी संपली असं खात्रीने सांगताही येत नाही. अशा दिवसांत देशभरातून पैलवान, प्रशिक्षक, त्यांचे आईवडील आणि चाहते एका लहान गावात येतात, तेव्हा त्या गर्दीचं श्रेय मागण्याचा हक्क ब्युरोला आहे. सीडर रॅपिड्सच्या खिशातला पैसा इथे आला, हा आक्षेपही इथे फारसा टिकत नाही, कारण ओक्लाहोमा आणि पेनसिल्व्हेनियाचे लोक एरवी आयोवात कशाला आले असते?

पण माझ्या दृष्टीने या गावाची खरी परीक्षा साहित्याच्या बाबतीत होते. १९३६ पासून इथल्या विद्यापीठात रायटर्स वर्कशॉप आहे. सर्जनशील लेखनासाठी पदवी देणारा अमेरिकेतला हा पहिला अभ्यासक्रम. १९६७ मध्ये पॉल एंगल आणि ह्वालिंग न्ये एंगल यांनी इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्राम सुरू केला. दर शरदात जगभरचे लेखक काही आठवडे इथे येऊन राहतात, लिहितात, एकमेकांचं ऐकतात. आपले दिलीप चित्रे १९७५ मध्ये याच कार्यक्रमाचे निमंत्रित म्हणून इथे आले आणि १९७७ पर्यंत राहिले. ओरहान पामुक १९८५ मध्ये येऊन गेले, मो यान २००४ मध्ये; दोघांनाही नोबेल त्यानंतर मिळालं. २००८च्या जूनमध्ये आयोवा नदीला महापूर आला, विद्यापीठाचं हँचर सभागृह कायमचं निकामी झालं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये युनेस्कोने आयोवा सिटीला ‘साहित्यनगरी’ घोषित केलं. एडिंबरा आणि मेलबर्न यांच्यानंतर तिसरं नाव या मक्याच्या शेतांमधल्या गावाचं. हा मान ब्युरोने मिळवला असं मी म्हणणार नाही. त्यामागे विद्यापीठ, ग्रंथालयं, पुस्तकविक्रेते आणि कित्येक वर्षांचं लेखन आहे. पण मिळालेल्या मानाचं पुढे करायचं काय, ही जबाबदारी ब्युरोकडे येतेच.

इथला भूगोल बघा. किनिक स्टेडियम नदीच्या पश्चिमेला, जुनं गाव पूर्वेला. आयोवा अव्हेन्यूच्या फुटपाथमध्ये काशाच्या चौकटी बसवल्या आहेत. त्यांवर या गावाशी नातं असलेल्या लेखकांची नावं आणि त्यांची वाक्यं उठावात कोरलेली. त्यावरून रोज विद्यार्थी चालतात, हिवाळ्यात त्या बर्फाखाली जातात, वसंतात पुन्हा दिसू लागतात. तिथून जवळच १९७८ पासून चाललेलं ‘प्रेअरी लाइट्स’ हे पुस्तकांचं दुकान. लेखक तिथे येऊन वाचतात, समोर बसलेले लोक प्रश्न विचारतात आणि जाताना सही घेऊन पुस्तक विकत घेतात. मार्च २०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनी विद्यापीठातल्या भाषणात या दुकानाचा उल्लेख केला आणि भाषण संपल्यावर दुकानात जाऊन पुस्तकं घेतली. १९१२ सालचं इंग्लर्ट नाट्यगृह बंद पडलं होतं. गावकऱ्यांनी देणग्या जमवल्या आणि २००४ मध्ये ते पुन्हा उघडलं. हे सगळं नदीच्या पूर्वेला. पश्चिमेला येणाऱ्या सत्तर हजारांपैकी किती जण पूल ओलांडून इथवर येतात? जे येतात, ते बारशिवाय आणखी कुठे जातात? ब्युरोने खरं काम करायचं ते इथे. सामन्याला आलेल्या माणसाला ‘सामन्याला या’ हे सांगण्यात पैसा घालवण्यापेक्षा त्याच माणसाला ऑक्टोबरमधल्या पुस्तक महोत्सवाला, एप्रिलमधल्या मिशन क्रीक या संगीत-साहित्य महोत्सवाला, जुलैच्या सुरुवातीच्या जॅझ महोत्सवाला पुन्हा यावंसं वाटेल असं काही हाती देणं कितीतरी मोलाचं आहे.

‘आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे, माहिती द्यायला ब्युरो कशाला?’ हा आक्षेप तरुण मंडळी आवर्जून घेतात. फोन माहिती देतो हे खरं, पण ज्याची चौकशी करावी त्याची. ज्याचं नाव ठाऊक नाही, त्याचा शोध कोण घेणार? आणि शोधणाऱ्यासमोर आधी तेच येतं, जे आधीच प्रसिद्ध आहे किंवा ज्याच्याकडे जाहिरातीला पैसा आहे. फुटबॉलकडे दोन्ही आहे. तीस खुर्च्या मांडून कवितावाचन ठेवणाऱ्या माणसाकडे यातलं काहीच नाही. फोन आल्यापासून लहान कार्यक्रमांना सार्वजनिक आधाराची गरज वाढली आहे, कमी झालेली नाही.

आता गावकऱ्यांच्या त्रासाबद्दल, कारण त्यांची बाजू दोन्हीकडचे लोक विसरतात. जास्तीत जास्त लोक आणणं हेच ध्येय ठेवलं तर काय होतं, हे ॲम्स्टरडॅमने पाहिलं. २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘आय ॲम्स्टरडॅम’ मोहिमेची अवाढव्य अक्षरं तिथल्या संग्रहालयासमोर उभी होती, सगळं जग त्यांच्यासमोर फोटो काढत होतं. डिसेंबर २०१८ मध्ये शहरानेच ती तिथून हलवली, कारण गर्दी सोसेनाशी झाली होती. आयोवा सिटी ॲम्स्टरडॅम नाही, पण सामन्याच्या शनिवारी ती त्याची झलक दाखवते. आणि इथे असा एक पाहुणा आहे ज्याची दखल पर्यटनाच्या कुठल्याच चर्चेत घेतली जात नाही. किनिक स्टेडियमला अगदी लागून मुलांचं मोठं इस्पितळ आहे. २०१७ पासून सामन्याचा पहिला क्वार्टर, म्हणजे चार भागांपैकी पहिला भाग, संपला की सगळं स्टेडियम, दोन्ही संघांच्या खेळाडूंसकट, वळून उभं राहतं आणि वरच्या मजल्यांच्या खिडक्यांशी जमलेल्या आजारी मुलांना हात हलवून दाखवतं. मुलंही हात हलवतात. अमेरिकेतल्या खेळाच्या प्रथांमध्ये याहून सुंदर प्रथा मला ठाऊक नाही. पण त्या मुलांचे आईवडील राज्याच्या दुसऱ्या टोकाहून आलेले असतात. तेही या गावाचे पाहुणेच. ज्या रात्री हॉटेलांचे दर गगनाला भिडतात, त्या रात्री त्यांनी कुठे झोपायचं? सामन्याच्या आठवड्यात इस्पितळाच्या नातेवाइकांसाठी नेहमीच्या दरात काही खोल्या राखून ठेवायला हॉटेलांना राजी करणं, हे ब्युरोचंच काम ठरायला हवं. हॉटेलांशी खोल्यांची घासाघीस करण्याचा अनुभव गावात दुसऱ्या कुणाकडे आहे?

पैशाच्या रचनेतही एक दोष आहे, त्याकडे लक्ष वेधायला हवं. ब्युरोचं उत्पन्न हॉटेलकरावर चालतं, म्हणजे लोक आले की पैसा, नाही आले की हात रिकामे. २०२०च्या फुटबॉल हंगामात महामारीमुळे सामने प्रेक्षकांविना झाले, हॉटेलं ओस पडली, आणि गाव पुन्हा उभं करायला ज्या संस्थेची सर्वाधिक गरज होती, तिचाच झरा आटला. चांगल्या वर्षांतली काही रक्कम अशा वर्षांसाठी बाजूला ठेवायला नको का? ‘मग बंदच करा’ म्हणणाऱ्यांनी कोलोराडो आठवावा. १९९३ मध्ये तिथल्या मतदारांनी पर्यटनासाठीचा कर चालू ठेवायला नकार दिला आणि राज्याची पर्यटन जाहिरात थांबली. रॉकी पर्वत जागच्या जागी होता, बर्फही पडतच होता. तरी २००० साली राज्याला पर्यटन कार्यालय पुन्हा स्थापन करावंच लागलं. त्या काळात नेमकं किती नुकसान झालं याचे आकडे बहुतेक पर्यटन क्षेत्राकडूनच येतात, म्हणून मी त्यांचा आधार घेत नाही. पण निसर्गाने इतकं दिलेल्या राज्याला सात वर्षांत निर्णय फिरवावा लागला, एवढं माझ्या मुद्द्यासाठी पुरेसं आहे.

आपल्याकडे याच जातीचा प्रश्न भिलारमध्ये उभा आहे. पाचगणीजवळच्या या स्ट्रॉबेरीच्या गावाला ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचं गाव’ केलं गेलं. घरांमध्ये, देवळांमध्ये, शाळेत मिळून सुमारे पंचवीस ठिकाणी पंधरा हजारांच्या आसपास पुस्तकं मांडली. वेल्समधल्या हे-ऑन-वायवरून सुचलेली ही कल्पना मला मनापासून आवडते. पण महाबळेश्वर-पाचगणीला हंगामात गाड्यांची रांग लागतेच. त्यातल्या काही गाड्या भिलारला थांबल्या आणि पाटीसमोर फोटो निघाले, यावरून उपक्रमाचं यशही ठरत नाही आणि अपयशही. हंगाम संपल्यावर, पावसात, एखादा वाचक मुद्दाम पुस्तकांसाठी येऊन एखाद्या घरात दोन दिवस राहतो का, हे विचारायला हवं. राहत नसेल तर तो का राहत नाही, आणि तो राहावा म्हणून सरकारने काय केलं, हेही विचारायला हवं. आयोवा सिटीला मी जो हिशेब मागतो, तोच भिलारसाठी मागतो.

तो हिशेब मांडणं अवघड नाही. हॉटेलकर किती जमला हे गावाच्या दप्तरात असतंच. त्यातून घरच्या सामन्यांचे आठवडे, पदवीदान समारंभ आणि नव्या विद्यार्थ्यांच्या आगमनाचे दिवस वगळावेत, आणि उरलेल्या दिवसांचा आकडा दरवर्षी नगर परिषदेपुढे ठेवावा. ब्युरोने स्वतः मिळवलेल्या स्पर्धा आणि परिषदा वेगळ्या दाखवाव्यात. प्रस्ताव देऊनही हातच्या गेल्या त्याही दाखवाव्यात, कारण त्याशिवाय प्रयत्नांचा अंदाज येत नाही. कुठल्याही कलाकाराशी, जाहिरात कंपनीशी वा महोत्सवाशी केलेला करार पहिल्या दिवसापासून लोकांना वाचता यावा. नदीच्या पूर्वेकडच्या लहान आयोजकांना किती मदत पोहोचली आणि इस्पितळाच्या नातेवाइकांना सामन्याच्या रात्री किती खोल्या मिळाल्या, ह्या दोन ओळी अहवालाच्या पहिल्या पानावर याव्यात. हे झालं की पुढच्या अंदाजपत्रकाच्या वेळी विरोधकांना आणि समर्थकांना भांडायला एकच कागद मिळेल. आणि फुटबॉल नसलेल्या फेब्रुवारीतला आकडा सलग तीन वर्षं खाली येत असेल, तर ब्युरोच्या प्रमुखाने त्याचं कारण भर सभेत सांगावं आणि पुढच्या फेब्रुवारीसाठी काय ठरवलं आहे तेही सांगावं.